बाल जलमेळा : पाणी शिकवण्याची एक रीत

मार्च महिन्यातील तीन तारखा आपल्या समाजाने एकदा एका ओळीत मांडून पाहाव्यात, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच्या सात वर्षे आधी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, आपल्याच जिल्ह्यातील माणगाव येथे परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी भर सभेत बाबासाहेब हेच तुमचे खरे पुढारी आहेत असे आपल्या लोकांना सांगितले. आणि २२ मार्च हाच दिवस १९९३ पासून जगभर जलदिन म्हणून पाळला जातो. तिन्ही तारखा लागोपाठ याव्यात हा योगायोगच. परंतु गडमुडशिंगीसारख्या गावात, जिथून माणगाव काही कोसांवर आहे आणि पंचगंगेचे खोरे तर पायाखालीच आहे, तिथे हा योगायोग वाया घालवणे बरे नव्हे.

या तीन दिवसांत आपल्या विहारात मुलांसाठी पाण्याचा मेळा भरवावा, त्यात मुलांनी भाषणे ऐकण्याऐवजी हातांनी काही करून पाहावे, आणि त्यातून पाणी म्हणजे काय, ते कुठून येते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे शिकावे, यासाठी हा अभ्यासलेख आहे. 'जत्रा' हा शब्द आम्ही जाणूनबुजून टाळला आहे. जत्रेला देव लागतो आणि नवस लागतो. मेळ्याला माणसे पुरतात.

ही कल्पना अगदी नवी आहे असा आमचा दावा नाही. अमेरिकेतील नेब्रास्का हे शेतीप्रधान राज्य. तिथली मक्याची शेती मोठ्या प्रमाणावर जमिनीखालच्या पाण्यावर चालते. तिथे १९८९ पासून शाळकरी मुलांसाठी भूजलाचा उत्सव भरवला जाऊ लागला. मुले दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर जातात, काचेच्या पेटीत विहीर कशी आटते ते पाहतात, पाण्यात काय मिसळले आहे ते ओळखतात. पुढे ही पद्धत इतर अनेक ठिकाणी गेली. महाराष्ट्र शासनही २०१६ पासून १६ ते २२ मार्च हा जलजागृती सप्ताह पाळते. त्याच साली केंद्र सरकारनेही बाबासाहेबांचा जन्मदिवस, १४ एप्रिल, जलदिन म्हणून पाळायचे ठरवले. पण सप्ताह म्हणजे आपल्याकडे बहुधा एक फलक, एक प्रभातफेरी आणि एक शपथ. मुले शपथ घेतात, घरी जातात आणि नळ उघडा टाकून खेळायला पळतात. त्यात मुलांचा दोष नाही. ज्याला हात लावला नाही ते मनात राहत नाही.

आपण रोज वंदनेत धम्माचे गुण म्हणतो. त्यात 'एहिपस्सिको' हा एक शब्द येतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. तथागतांनी कालामांना हेच सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मग पाण्याचा धडा तरी नुसता ऐकवून कसा चालेल?

पहिला दिवस : तळे आणि गावाचा नकाशा

२० मार्चला आरंभ महाडपासून करावा. पण 'बाबासाहेबांनी तळे खुले केले' एवढ्या एका वाक्यात तो उरकू नये. मुलांना क्रम सांगावा, कारण क्रमात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला आणि तो १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुलेच होते. तरीही तीन वर्षे तिथे कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नव्हता. १९२७ साली परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले; त्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी तळ्यात ओतल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. ठराव, प्रत्यक्ष कृती, मार, खटला, निकाल, या साऱ्याला चौदा वर्षे लागली. हक्क कागदावर असणे आणि घागरीत असणे यांतले अंतर मुलांना या एका गोष्टीतून जितके समजते तितके दुसऱ्या कशातून समजणार नाही.

लहान मुलांना मात्र तळ्यापेक्षा मसूरची गोष्ट जवळची वाटेल. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरले. आपण कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेने जातो तेव्हा हे स्टेशन वाटेत लागते. मुले चांगल्या कपड्यांत होती, जवळ पैसे होते, डब्यात जेवण होते. पण जात कळली आणि सारे बदलले. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची. आणि रात्रभर जेवणाचा डबा तसाच राहिला, कारण घोटभर पाणी कोणी दिले नाही. डबा भरलेला आणि पाणी नाही, म्हणून उपाशी झोपलेली मुले! ही गोष्ट सांगितल्यावर मुलांना त्यांच्या शाळेच्या पिशवीतील पाण्याची बाटली समोर ठेवायला सांगावी. अधिक बोलू नये.

ही जुनी गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये राजस्थानातील जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शिक्षकासाठी ठेवलेल्या माठातले पाणी प्याल्यावरून त्याला मारहाण झाली, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. मोठ्या मुलांना, सातवी-आठवीच्या, हे सांगायला हरकत नाही. लहानांना सांगू नये, असे आमचे मत आहे.

यानंतर हाताचे काम. एका मोठ्या कापडावर किंवा चार-पाच कार्डशीट चिकटवून गावाचा नकाशा मुलांनी काढावा. रस्ते, शाळा, विहार, ग्रामपंचायत एवढे काढून झाले की पाण्याच्या जागा भरायच्या. जुनी विहीर, आड, ओढा, हापसा, बोअर, पाण्याची टाकी, नळाचा चावीखाना, जनावरांचा पाणवठा, धुण्याची जागा. ज्या जागा आज बुजल्या त्या तुटक रेषेने. मुलांच्या जोड्या करून त्यांना वस्तीतील सत्तरीपुढच्या आजी-आजोबांकडे पाठवावे. प्रश्न तीनच असावेत : तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणत होता? तिथे कोण पाणी भरे, आणि कोणाला मनाई होती? घरी नळ केव्हा आला?

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे बोलणे भाग आहे. काही पालकांना वाटते की असले प्रश्न मुलांना विचारायला लावू नयेत, वर्गातल्या मित्रांमध्ये अढी येते. आम्हांस तसे वाटत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. हा मेळा आपल्या वस्तीपुरता ठेवू नये. गावातील सर्व जातिधर्मांच्या मुलांना आवर्जून बोलवावे आणि जोड्याही मिसळून कराव्यात. दुसऱ्या आळीतले मूल आपल्या आजीच्या तोंडून ऐकेल आणि आपले मूल त्यांच्या आजोबांच्या तोंडून, तेव्हा तो कोणाच्या घरचा गुन्हा न राहता गावाचा इतिहास होतो. आजी सांगू लागली की बहुधा विहिरीवर थांबत नाही. घागर रिकामी घेऊन किती वेळ उभे राहावे लागे, वरून कोणी पाणी ओतले तर कसे ओतले, हे सगळे येते. ते सर्व वहीत उतरवून घ्यावे, आजीच्याच शब्दांत. चार-पाच वर्षांनी हे सांगणारे कोणी उरणार नाही.

दुसरा दिवस : जमिनीखाली काय आहे

आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात पृथ्वीवर सत्त्याण्णव टक्के पाणी खारे आहे हे शिकवतात. ठीक आहे, माहिती खरी आहे. पण गडमुडशिंगीच्या मुलाला समुद्राच्या खारेपणाचा काय उपयोग? त्याला आपल्या दारातल्या बोअरचे पाणी फेब्रुवारीत का कमी होते हे कळायला हवे.

आपला सारा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या खडकाचा. हा खडक रेतीसारखा पाणी पीत नाही. पाणी राहते ते वरच्या मातीत, त्याखालच्या मुरमात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. म्हणून एका बोअरला धो धो पाणी लागते आणि वीस फुटांवरचे बोअर कोरडे जाते. हे पुढील प्रयोगाने दाखवता येते. मोठी पारदर्शक बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापावा. तळाशी मोठे काळे दगड घट्ट बसवावेत, त्यावर बारीक खडी, त्यावर मुरूम, त्यावर दोन बोटे माती. हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीला जो दाबायचा पंप असतो तो धुऊन एका कडेने खाली रोवावा. हे झाले बोअर. वरून डब्याला भोके पाडून पाऊस पाडावा. पाणी हळूहळू खाली उतरते, दगडांच्या फटींत साठते, बाहेरून त्याची रेघ दिसते. त्या रेघेवर खडूने किंवा पट्टीने खूण करावी आणि मुलांना पंप मारायला सांगावे. रेघ खाली जाते. मग दुसऱ्या मुलाने दुसरा पंप रोवावा, तो पहिल्यापेक्षा खोल. थोड्या वेळात पहिल्याच्या पंपातून नुसती हवा येते. यावर मुलांमध्ये जे भांडण लागते ते लागू द्यावे. गावोगाव शेतात हेच चालले आहे.

शेवटी मातीच्या एका कोपऱ्यात लाल शाईचे चार थेंब टाकून पुन्हा पाऊस पाडावा. ही संडासाची खड्डी किंवा उकिरडा समजावा. पंपातून लालसर पाणी येऊ लागले की मुले आपोआप आपल्या घराजवळचे अंतर मोजायला लागतात.

बोअरचा विषय निघालाच आहे तर पाणाड्याचाही काढावा. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे, नारळ उभा राहिला की खाली पाणी, असे मानणारे आजही कमी नाहीत, आणि आपल्या समाजातही आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पाण्यासाठी मात्र नारळ फिरतो! यावर व्याख्यान देण्यापेक्षा पाच बुट्ट्या पालथ्या घालाव्यात, एकीखाली पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, आणि नारळ घेऊन मुलांना एकेक करून फिरू द्यावे. तांब्या कुठे आहे हे फिरवणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही ठाऊक नसावे. दहा-बारा वेळा करावे आणि किती वेळा बरोबर आले ते फळ्यावर लिहावे. निकाल काय तो मुलांनाच काढू द्या.

दुपारी मोजमाप. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. एवढे एकच सूत्र पाठ करायला लावावे. वीस फूट रुंद, तीस फूट लांब अशा विहाराच्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे पंचावन्न चौरस मीटर येते. कोल्हापूर परिसरात वर्षाला ढोबळमानाने १००० मिलिमीटर पाऊस धरला तर छपरावर ५५ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४४ हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सुमारे २९०० घागरी. तीन हजार घागरी आपल्या डोक्यावरून गटारात जातात! त्याच वेळी हेही सांगावे की आपल्याच जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल.

याला जोडून आणखी एक काम, जे आम्हांस या साऱ्या मेळ्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाण्याने भरलेली घागर घेऊन प्रत्येक मुलाने शंभर पावले चालावे. मुलग्यांनी आधी. लहानांना कळशी द्यावी. मग प्रत्येकाने सांगावे की आपल्या घरी पाणी कोण भरते. उत्तरे फळ्यावर मांडली की आई, बहीण, आजी यांच्या रकान्यात किती रेघा पडतात आणि बाबा, भाऊ यांच्या रकान्यात किती, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पाण्याच्या हक्कासाठी आपण एका समाज म्हणून लढलो. पण घरातील पाण्याचा भार आपण एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवला आहे, हे आपल्याही मंडळाच्या बैठकीत बोलले जायला हवे.

उसाचा हिशोबही मोठ्या मुलांना करायला द्यावा. आपल्या जिल्ह्यात ऊस हे जगण्याचे पीक आहे, त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्यातील कित्येकांच्या चुली ऊसतोडणीवर आणि कारखान्यावर पेटतात. पण एक हेक्टर सुरू उसाला सुमारे दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते, त्यातले काही पावसाचे. म्हणजे एकरी कमीत कमी ऐंशी लाख लिटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे शासनाच्या जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या हिशोबाने एका माणसाला वर्षाला वीस हजार लिटर लागतात. भागाकार मुलांनी करावा. उत्तर चारशे येते. ठिबकने हे पाणी बरेच वाचते, हे सांगायला शेतकरी असलेला एखादा पालक बोलवावा. तो आमच्यापेक्षा चांगले सांगेल.

नदी

तिसरा दिवस नदीचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि लोकांच्या समजुतीतील गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे प्रयाग चिखलीला. तिथून ती कोल्हापूर शहराला वळसा घालून आपल्या भागाकडे, पुढे इचलकरंजीकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवर राधानगरीचे धरण आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले आणि पुढे काही वर्षांत या धरणाचे काम हाती घेतले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरे होते. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ लागला. ज्या राजाने माणगावला आपल्या समाजाला नेता दाखवला, त्याच राजाने आज आपण पितो त्या पाण्याची तजवीज केली, हे मुलांना सांगताना दोन गोष्टी आपोआप एक होतात.

नदीवर सर्वांना नेणे शक्य नसेल तर विहाराच्या अंगणात पाट खणावा. दोन विटांच्या मध्ये फळ्यांचे तुकडे एकावर एक बसवून बंधारा करावा, हाच आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. मुलांनी बरगे न काढता वरून एकदम बादली ओतून पाहावी. बंधाऱ्याच्या बाजूने माती खचून पाणी कसे घुसते ते दिसेल. मग भिंतीवर खडूने राजाराम बंधाऱ्याची पातळी काढावी, एक इंच म्हणजे एक फूट. ३९ इंचांवर इशारा, ४३ इंचांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ५५ इंचांवर रेघ ओढून चौथी-पाचवीच्या मुलांना तिच्याखाली उभे करावे. बहुतेकांच्या डोक्यावरून ती जाईल.

पुराबद्दल बोलताना बाबासाहेबांचे एक कार्य सांगितलेच पाहिजे, जे आपल्या भाषणांत फार क्वचित येते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली. नुसता पूर अडवण्यासाठी नव्हे, तर शेती, वीज आणि जलवाहतूक या सर्वांसाठी एकत्र. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व जलवाहतूक आयोग स्थापन झाला, तोच आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथील परिषदेत ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी मुद्दा मांडला की पाणी जास्त झाले म्हणून माणसाचे जेवढे हाल होतात त्याहून अधिक ते कमी पडल्याने होतात. म्हणून पाणी समुद्रात लोटून मोकळे होण्यापेक्षा ते साठवले पाहिजे. राज्याराज्यांतील नदीच्या तंट्यांची सोय संविधानाच्या २६२ व्या कलमात आहे. ज्यांना लहानपणी घोटभर पाणी मिळाले नाही, त्यांनी देशाच्या नद्यांचा विचार केला.

नदीचे आजचे रूप मात्र दाखवायला लाज वाटावी असे आहे. शहराचे सांडपाणी, नाले, कारखान्यांचे पाणी हे सर्व पंचगंगेत उतरते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. म्हणून पाणी तपासणे मुलांना पाहायला मिळालेच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे तो थेंब टाकून दाखवतो, पाणी पिवळे झाले तर आहे. त्या रसायनाला मुलांनी हात लावू नये. दुसरी एक छोटी बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून उबेला एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले तर त्यात मैल्याचा संसर्ग आहे असे समजावे. या बाटल्या पहिल्याच दिवशी भरून ठेवाव्यात म्हणजे २२ तारखेला निकाल दिसतो. विहीर, बोअर, नळ, नदी, आणि वाळू-कोळशाच्या गाळणीतून काढलेले पाणी, अशा पाच बाटल्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. गाळणीचे पाणी काचेसारखे नितळ असूनही त्याची बाटली काळी पडू शकते. नितळ म्हणजे निर्धोक नव्हे हे मुलांनी एकदा पाहिले की आयुष्यभर विसरत नाहीत. उकळणे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन हेच उपाय.

गाळण्यावरून आठवले. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत, म्हणजे चीवर, पात्र, सुई, वस्तरा इत्यादी मोजक्या वस्तूंत, पाणी गाळण्याचे फडके असते. पालीत त्याला परिस्सावन म्हणतात. पाण्यातील जीव मरू नयेत हा त्याचा हेतू. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, असा नियमही विनयात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम पंचगंगेच्या काठावर लावण्यासारखा आहे. बाग लावणारा, पूल बांधणारा, पाणपोई घालणारा, विहीर खणणारा यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे संयुत्त निकायात सांगितले आहे. तेथील 'पपा' म्हणजेच आपली पाणपोई. कान्हेरीच्या लेण्यांत शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांच्या दानाची नोंद आहे, तिथे टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरी लांब पडते, पण जोतिबाजवळची पोहाळे लेणी एका दिवसात पाहून होतात. पाऊस उघडल्यावर मुलांना तिथे न्यावे आणि डोंगरावरचे पाणी कुठून कसे उतरते ते शोधायला लावावे.

दुपारचा मुख्य कार्यक्रम रोहिणीचा. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी वाहत होती. दोन्हीकडची शेते तिच्यावर. पाणी कमी पडले तेव्हा आधी कोणी घ्यायचे यावरून सेवकांत मारामारी झाली आणि प्रकरण युद्धापर्यंत गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण इथे दाखवले आहे. शाक्य संघात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोष दोन्हीकडे असू शकतो, म्हणून त्यांचे दोन, आपले दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निवाडा करावा, असे त्याने सुचवले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. अट्ठकथेत हीच गोष्ट पुढच्या काळातली येते; तिथे तथागत दोन्ही सैन्यांमध्ये उभे राहून विचारतात की पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे.

ही गोष्ट नाटक म्हणून पाठ करवून घेऊ नये. एक घमेले पाणी, मध्ये नळीचा तुकडा, दोन्हीकडे मुलांच्या दोन टोळ्या आणि त्यांच्यापुढे मातीच्या सऱ्यांचा वाफा. पाणी एकाच वाफ्याला पुरेल इतकेच. एका मुलाला पाटकरी करावे. पहिल्या फेरीत त्यांना हवे तसे करू द्यावे. पाणी बहुतेक सांडते आणि दोन्ही वाफे कोरडे राहतात. दुसऱ्या फेरीत पाच जण निवडून वाटप ठरवावे. कोणी म्हणेल निम्मे निम्मे, कोणी म्हणेल पाळीने, कोणी म्हणेल ज्यांची माणसे जास्त त्यांना जास्त, कोणी म्हणेल पिण्यापुरते आधी सर्वांना. प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घ्यावे, मोठ्यांनी मध्ये बोलू नये. कृष्णेच्या पाण्याचा लवाद याच तऱ्हेचे प्रश्न घेऊन बसला होता. १९७६ च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. आणि लांब कशाला जायचे? इचलकरंजीला दूधगंगेतून सुळकूडहून पाणी द्यायचे की नाही यावर आपल्याच जिल्ह्यात दोन बाजू पडल्या आहेत. एका बाजूला दूषित पाण्याने गांजलेले शहर, दुसऱ्या बाजूला आपल्या शेताची चिंता वाहणारा नदीकाठ. मोठ्या मुलांना दोन्ही बाजूंनी बोलायला लावावे, आणि अर्ध्यावर बाजू बदलायला सांगावी. आम्ही इथे निवाडा देत नाही. पाच जण कसे निवडायचे एवढे मुलांना आले तरी पुरे.

तयारीविषयी थोडे. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, म्हणून मेळा चौथी ते आठवीच्या मुलांसाठी ठेवावा आणि वेळ शाळा सुटल्यावरची. कॉलेजचे विद्यार्थी एकेका टेबलाला दोन असे लागतील. त्यांनी आदल्या आठवड्यात प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहिलेला असावा. खर्च फार नाही. बाटल्या, खडी, मुरूम, बुट्ट्या, घमेली घरोघरी मिळतात. तपासणीच्या बाटल्यांसाठी तेवढी वर्गणी काढावी लागेल. वापरलेले पाणी बादलीत जमा करून विहारापुढच्या बोधिवृक्षाला घालावे, शाईचे सोडून.

नकाशाच्या दोन प्रती कराव्यात. एक विहाराच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षीची मुले तिच्यावर वेगळ्या शाईने भर घालतील. दुसरी, पाच बाटल्यांच्या निकालासह आणि मुलांच्या सह्यांसह, १ मे च्या ग्रामसभेत सरपंचांच्या हाती द्यावी. सभेत ती वाचून दाखवायला आठवीतील एखाद्या मुलीला उभे करावे, आणि ग्रामसेवकांनी तिची नोंद इतिवृत्तात केली की नाही हे तिने स्वतः पाहून यावे.